डब्यातलं बोत

निमेशने भात सोडला आणि मंजुळाने त्याच्याशी धड बोलणं सोडलं. भांडण काही झालं नव्हतं. ती ताट वाढायची, पाणी ठेवायची आणि दारातल्या पायरीवर जाऊन बसायची. मासळी विकून आल्या आल्या, हाताचा वास जायच्या आत जिने या पोराला भाकरी थापून घातली, तिलाच पोर आता सांगत होतं, "आई, नको. पॅलिओ चालू हाय."

निमेशच्या बायकोला, शेफालीला, दोघांचंही पटायचं, आणि तोच तिचा त्रास होता. निमेशची साखर काठावर आली होती. त्याच्या वडिलांचा, महादेवचा, आधी पाय या साखरेने नेला आणि मग माणूसच नेला. म्हणून ऑफिसातल्या कोणीतरी सांगितलेलं हे आदिमानवाचं जेवण निमेशने धरलं होतं. भात, भाकरी, डाळ, दूध बंद. मासे हवे तेवढे. कोळ्याच्या पोराला यात काय कठीण, असं मच्छीमार नगराबाहेरच्या माणसाला वाटेल. पण समोर कालवण आहे आणि त्यात कालवायला भात नाही, हे दुःख त्या पोरालाच विचारावं.

तेही त्याने सोसलं. घसरायला लागला तो कुरकुरीत खाण्यावर. पापड उडदाचा, कुरडई गव्हाची, चकली भाजणीची. काही म्हणजे काही चालत नव्हतं. एकदा तो मनूच्या, आपल्या लहानग्या लेकीच्या, मुठीतल्या कुरमुऱ्यांकडे असा बघत बसला होता की शेफालीला हसावं की रडावं कळेना. हा आता आठवडाभरात सगळं सोडून देणार, हे तिने ओळखलं.

माझगावच्या ऑफिसात तिच्या शेजारी लोर्ना बसायची. ती म्हणाली, "अगं, मग पोर्कची कातडी तळून दे की त्याला! पीठ नाही, काही नाही. माझी मम्मी तिच्याच चरबीत तळते." दोन दिवसांत पिशवी आली. आतले तुकडे फुगलेले, सोनेरी, वाकडेतिकडे.

निमेशने पहिला तुकडा तोंडात टाकला आणि डोळेच मिटले. "शेफू, आता वर्षभर भात नाय मागत." मग एक डोळा उघडून म्हणाला, "पण आईला कळता कामा नये."

"कळलं तर?"

"तर मोरीपासून देव्हाऱ्यापर्यंत घर धुवेल. मग आपल्याला धुवेल."

खोटं नव्हतं ते. मंजुळाला बकरा चालायचा, कोंबडी चालायची, समुद्रातलं तर काहीच वर्ज्य नव्हतं. डुकराचं नुसतं नाव काढलं तरी ती तोंड फिरवायची. म्हणून निमेशने तुकडे एका डब्यात भरले आणि डबा लपवला कुठे, तर सुकटीच्या फळीवर. मासळी विकणारीच्या घरात सुकटीमागे काही लपवावं, ही अक्कल तिच्याच मुलाला सुचू शकते.

रविवारी दुपारी शेफाली मनूला थोपटत होती. आतून हाक आली, "शेफाली! इकडे ये आधी!"

मंजुळा उघडा डबा घेऊन उभी होती. "हे काय केलंत गो?"

"आई, ते..."

"बोत तळलंत?"

बोत म्हणजे घोळ माशाच्या पोटातली हवेची पिशवी. कोळणी ती जपून काढतात, वाळवतात आणि व्यापाऱ्याला देतात; तिथून ती परदेशात जाते. तळली की फुगते, एवढं मंजुळाने ऐकलं होतं. मंजुळाच्या घरात कोणी कधी ती खाल्ली नव्हती, जसा सोनार सोनं खात नाही.

"एवढं बोत! डोकी ठिकाणावर हायेत का तुमची?" मंजुळा ओरडली. मग हातातल्या तुकड्याकडे बघत ती हळूच पाटावर टेकली. "तुझा सासरा एकदा मोठी घोळ घेऊन आला व्हता. म्हणाला, मंजू, एक तरी तळूया, जन्मभर दुसऱ्यांच्याच तोंडात घालतो. मीच नको म्हटलं. खुळा हायेस काय, म्हटलं."

आणि शेफाली पुढे व्हायच्या आत तिने तुकडा दाताखाली धरला. कडकन आवाज झाला.

"अगो बाय माजे!" मंजुळाचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. "निमेश! ये रे इकडे. बस माझ्याजवळ."

निमेश आला, डबा बघून दारातच थिजला. पण 'बस माझ्याजवळ' हे त्याने कितीतरी दिवसांनी ऐकलं होतं. तो बसला. आईने त्याच्या हातावर तुकडा ठेवला, त्याने खाल्ला. डोळ्यांनी तो शेफालीला विनवत होता, गप्प राहा. शेफालीलाही गप्पच राहायचं होतं. मायलेक एका डब्यातून खात होते. हे मोडायचं कोणी?

मग मंजुळाने एक चांगला मोठा तुकडा निवडला आणि ती उठली. "हा त्याच्यासमोर ठेवते. मी तवा हात धरला त्याचा." ती महादेवच्या फोटोकडे निघाली.

"आई, थांबा." शेफालीचा आवाज फाटला. "ते बोत नाही. डुकराची कातडी आहे. मी आणली."

मंजुळा फोटोपासून मागे फिरली. मग तुकडा डब्यात टाकून मोरीत गेली. चुळा भरण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. पदराने तोंड पुसत ती बाहेर आली ती थेट निमेशसमोर.

"डुकर चालतं तुला. माझी भाकरी नाय चालत."

"आई, भाकरी नको असं नाय गो." निमेशने मान खाली घातली. "मना बाबांचा पाय दिसतो. ताटात भात बघितला की पायच दिसतो."

आजवर तो फक्त पॅलिओ म्हणत आला होता. हे त्याने शेफालीलाही सांगितलं नव्हतं. मंजुळाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"आधी बोलायचं ना रे," ती म्हणाली. मग तिने नाक ओढलं. "म्हणजे बोत कसं लागतं, ते मना अजून म्हाईतच नाय."

शेफालीला हसू फुटलं, डोळे पुसता पुसता. मंजुळा उठली आणि व्यापाऱ्यासाठी फडक्यात बांधून ठेवलेलं एक लहानसं बोत घेऊन आली. "याला पीठ लागत नाय. चालेल तुझ्या त्या आदिमानवाला?"

"पळेल," निमेश म्हणाला.

तिने कात्रीने तुकडे केले, कढई तापवली. बोत तेलात खरंच फुललं. पहिला तुकडा फोटोसमोर गेला, दुसरा निमेशच्या हातावर. तो चावत राहिला. मंजुळाने एक तोंडात टाकला, शेफालीनेही चाखलं. चव म्हणावी तर तिखटमिठाचीच, आणि दाताला चिकटत होतं.

"कसं हाय?" मंजुळाने विचारलं.

"मस्त."

"खोटारडा."

"अजून एक दे," म्हणत निमेशने हात पुढे केला.

मंजुळाने तुकडा उचलला, त्याच्यावर फुंकर मारली आणि हातावर न ठेवता सरळ त्याच्या तोंडात घातला.