चाळीस फेऱ्या

तलावात रोवलेल्या बांबूला हात लावून रेणू वळली आणि पायऱ्यांकडे पोहत आली. काठावर बसलेल्या गीताबाईनं उजवीकडचा एक खडा उचलून डावीकडे ठेवला. पायरी ते बांबू आणि परत पायरी, अशी एक फेरी. रोजच्या चाळीस. आजीचे अंक विसाच्या पुढं लंगडतात, म्हणून नातीनं चाळीस खडे मोजून दिले होते.

तलावाच्या पाळीवरून, बांधावरून, जाळं घेऊन चाललेला सुखराम थांबला.

"काकी, नातीले पोलीस बनवून राहिली का मासोळी?"

"तू तं दोनातलं एकही नाही बनला. जाळं पाय आपलं, फाटून राहिलं."

सुखराम हसत निघून गेला.

पोलीस भरतीसाठी रेणू गोरेगावच्या डांबरी रस्त्यावर धावायची. धावून धावून नडग्या सुजल्या, तेव्हा गोंदियाच्या भरती-क्लासच्या सरांनी सांगितलं, रोज धावू नको. दोन दिवस धाव, एक दिवस सायकल चालव, बाकी दिवस पोह. दम वाढेल आणि हाडांना विसावाही मिळेल.

"पोहाले सर कायले पायजे?" गीताबाई फणकारली होती. "मासोळ्या धरणाऱ्या ढिवराची पोर तू. मले इचारलं असतं तं फुकटात सांगतलं असतं."

दुसऱ्या सकाळी तीच पदर खोचून काठावर हजर.

"हात आपटू नोको. पाण्यानं तुयं काय घोडं मारलं?"

महिन्याभरात हातांचा आवाज बंद झाला. रस्त्यावर धावून आलेली रेणू ओठ चावत ओट्यावर बसे, कोणाशी बोलत नसे. पाण्यातून वर येई तेव्हा मात्र तिचा चेहरा धुतलेल्या भांड्यासारखा लख्ख असे. "आजी, विसाव्या फेरीनंतर अंगाले वजनच नाही राहत," ती सांगे. गीताबाई नुसती हुं करी. हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. शिंगाड्याच्या वेलांमधून हात मारत ती याच तलावात वाढली होती.

घरी परतल्यावर रेणूचं तोंड पुस्तकात, नाहीतर मोबाईलमध्ये. तिचा बाप केवलराम बायकोला घेऊन नागपूरला कामाला गेला, तो पोरगी आपल्या आईजवळ, गीताबाईजवळ ठेवून. दिवाळीला येई, चार दिवसांत परत जाई. भरती झाली की हीही जाणार, हे गीताबाईला कळत होतं. पाण्यात होती तोवर पोर समोर दिसत होती.

म्हणून कधीकधी, रेणूचं तोंड बांबूकडे असताना, गीताबाईचा हात खड्यापर्यंत जाई आणि तसाच मागं येई. एक फेरी फुकट. कधी चार, कधी आठ. रेणू धापा टाकत विचारी, "झाले का वो?"

"अजून हायेत. पोह."

रेणू पोहे.

दिवाळीच्या आधी यादीत नाव आलं. गीताबाईनं गावभर पेढे वाटले आणि सुखरामच्या दारात मुद्दाम दोनदा गेली. ट्रेनिंगला निघायच्या सकाळी तरी रेणू टॉवेल घेऊन तलावावर आली.

"आता काऊन? लागली ना भरतीत?"

"भरतीत पोहाले कोण सांगते, आजी? मले आवडते म्हून आलो."

पाणी गार होतं. रेणू एका लयीत जात होती, येत होती. स्टँडवरची बस नऊची. गीताबाईनं एक खडा उचलला. मग, इकडंतिकडं बघून, दोन. पुढच्या फेरीला पुन्हा दोन. पोरीला निवांत जेवून निघता यायला हवं, वाटेत धावपळ नको. उजवीकडची जागा रिकामी झाली तशी ती उठली.

"झाले. ये भायेर."

रेणूनं पायरी धरली, केसांतलं पाणी झटकलं.

"बावीसच झाले, आजी."

"तुले कसं ठावूक?"

"मी बी मोजतो ना. रोजच."

गीताबाईनं डावीकडच्या खड्यांकडे बघितलं.

"मंग इतके दिवस बोलली काऊन नाही?"

रेणू पायऱ्या चढून वर आली. टॉवेलात तोंड खुपसून ती बराच वेळ केस पुसत राहिली.

"चाल. ओल्या केसानं बसमधी बसशील तं खोकत जाशील," गीताबाई म्हणाली. रोज रेणू पुढं आणि आजी मागं, अशी त्यांची चाल. आज गीताबाई पुढं निघाली, पाठ ताठ ठेवून, अगदी हळू.