अंगणातली पाटी

मे महिना आला की ओहायोतल्या त्या गल्लीत घरांपुढे पाट्या उगवायच्या. ज्या घरचं पोर मोठ्या विद्यापीठात जाणार, त्या घराच्या हिरवळीवर त्या विद्यापीठाच्या नावाची पाटी. येणारेजाणारे ती वाचायचे, गाडीतून हात करायचे. ज्याच्या दारात पाटी नाही, त्याच्या पोराची चौकशी कोणी करत नसे. शेजारच्या क्लेटनने थोरल्या मुलाची दोन वर्षांपूर्वीची पाटी अजून काढली नव्हती. उन्हाने तिची अक्षरं फिकी पडली होती.

वेंडेल घरोघरचे हीटर दुरुस्त करायचा. त्याची बायको लोर्ना मागच्या पानगळीत फुफ्फुसाच्या आजाराने गेली. तेव्हापासून घरात तो आणि मुलगी डार्सी, दोघंच. डार्सीला विद्यापीठाने प्रवेश दिल्याचं कळलं आणि वेंडेलने त्याच दिवशी पाटी आणून अंगणात ठोकली.

डार्सी शाळेतून आली ती दारातच थांबली.

"बाबा, ही पाटी कोणी लावली?"

"मी. का, वाकडी आहे?"

"मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. मला इथल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात जायचंय. श्वास घेता न येणाऱ्या रुग्णांवरचे श्वासोपचार शिकायला."

वेंडेलचा चेहरा पडला. "तिथे? तिथे तर कोणालाही घेतात."

"घेतात. मग ते वाईट कसं झालं?"

"मला कळतंय सगळं. मी एकटा पडेन म्हणून थांबतेयस तू. तुझ्या आईला हे आवडलं नसतं."

"बाबा, तू केलेलं सूप खाऊन कोणी थांबेल का या घरात?" डार्सी हसली, पण लगेच गंभीर झाली. "शनिवारी कॉलेज दाखवणार आहेत. एकदा बघून घे. त्यानंतरही नाही म्हणालास तर मी विद्यापीठाला होकार कळवते. पण न बघता नाही म्हणू नकोस."

शनिवारी वेंडेल एकटाच गेला तो खुसपटं काढायलाच. कॉलेज दाखवायला ओपल नावाच्या बाई होत्या. वय साठीकडे झुकलेलं, अंगात कॉलेजचा टीशर्ट.

"मी शाळेची बस चालवायचे. आता इथे हिशेबनीस व्हायला शिकतेय," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "घरी नातू माझा अभ्यास घेतो. फार कडक आहे."

"इमारतीपेक्षा गाड्यांचा तळ मोठा दिसतोय," वेंडेल म्हणाला. "वसतिगृह कुठाय?"

"वसतिगृह नाही. पोरं घरी झोपतात. रात्रपाळी करून आलेली वर्गात झोपतात."

आतून मात्र कॉलेज मोठं होतं. एका शेडमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. पुढे स्वयंपाक शिकवणारं लांबलचक स्वयंपाकघर. त्याच्या पलीकडे पाळणाघर, तिथे लेकरं सोडून आया वर्गात जात होत्या. ओपलबाई चालता चालता सांगत होत्या, सल्लागाराला विचारून विषय निवडले तर इथे दोन वर्षं शिकून पुढे विद्यापीठातही जाता येतं.

"मग माझ्या मुलीने सुरुवातीपासून तिथेच का जाऊ नये?" वेंडेलने विचारलं.

"जावं की. ज्याला तिथे जायचंय त्याने जावं. तुमच्या मुलीला कुठे जायचंय?"

"तिला श्वासोपचार शिकायला इथेच यायचंय. मी अंगणात विद्यापीठाची पाटी लावून बसलोय," वेंडेल म्हणाला.

"माझ्या मुलाच्या वेळी मीही पाटी लावली होती," ओपलबाई म्हणाल्या. "गल्लीने ती महिनाभर वाचली. नावडतं शिक्षण मात्र त्याला एकट्याला सोसावं लागलं. आमचं कॉलेज कोणालाही आत घेतं, हे खरं. पण श्वासोपचाराच्या वर्गात जागा मिळवायची तर आधीच्या विषयांत चांगले मार्क काढावे लागतात. दार उघडं असलं म्हणून आतलं काम सोपं नसतं हो."

मग ते श्वासोपचाराच्या खोलीत आले. वेंडेलचे पाय दाराशीच अडले. लोर्नाच्या उशाशी होतं तसलंच यंत्र समोर होतं. पलंगावर माणसाएवढी बाहुली. एका मुलाने तिला हळूच उठवून बसतं केलं. "आता मास्क लावतोय हं. जरा गार वाटेल. घाबरू नका," तो बाहुलीला म्हणाला.

हॉस्पिटलात एक माणूस लोर्नाला रोज हेच म्हणायचा. तो आला की वेंडेलच्या हातावरची तिची घट्ट पकड सैल व्हायची.

"बाहुलीशी कशाला बोलतो तो?" वेंडेलने शिक्षिकेला विचारलं.

"न बोलता मास्क लावला तर आम्ही मार्क कापतो," ती म्हणाली.

म्हणजे तसा धीर देणंही शिकवलेलं होतं! अशाच एखाद्या खोलीत, बाहुलीपुढे. तो माणूस कुठे शिकला, हे वेंडेलने कधी विचारलंच नव्हतं.

परतताना त्याने ओपलबाईंना विचारलं, "इथली पाटी कुठे मिळेल?"

"पाटी? अजून कोणी मागितली नाही."

घरी येऊन त्याने विद्यापीठाची पाटी उपटली. मागच्या कोऱ्या बाजूवर डार्सीने रंगाने कम्युनिटी कॉलेजचं नाव लिहिलं, खाली 'श्वासोपचार' लिहिलं. वेंडेलने ती पुन्हा त्याच जागी ठोकली.

क्लेटन कुंपणापाशी आला. "काय रे, विद्यापीठाने नाकारलं वाटतं?"

"नाही. पोरीने विद्यापीठाला नाकारलं."

क्लेटन हसला, पण गेला नाही. खाली बघत म्हणाला, "आमचा थोरला पहिल्याच वर्षी शिक्षण सोडून परत आलाय. खोलीतून बाहेर पडत नाही. पाटी काढली तर लोक विचारतील म्हणून तशीच ठेवली. त्याला घेतील का रे तिथे?"

"कोणालाही घेतात," वेंडेल म्हणाला. आठवड्यापूर्वी हेच शब्द त्याने नाक मुरडून उच्चारले होते. "चल, मीच येतो तुमच्याबरोबर."

पोरगं कुठे जाणार हे आपण सगळेच विचारतो. ते काय शिकणार आणि ते कोणाच्या कामी येणार, हेही विचारायला हवं. त्याचं उत्तर चांगलं असेल तर दारावरचं नाव मोठं की लहान, याला काही महत्त्व नाही. लोर्नाने मास्क लावणाऱ्याला त्याचं कॉलेज कधी विचारलं नव्हतं. तो बोलायला लागला की तिला बरं वाटायचं, एवढंच.