गूळ माझ्याकडे आलाच नाही

मित्रांनो, मी एक जुनं फुप्फुस आहे. जुनं म्हणजे शंभर वर्षांचं नाही हं! माझा धनी हरिचंद्र अजून चाळिशीतही नाही. पण माझी रया केव्हाच गेली. त्याच्या छातीत उजवीकडे माझं घर. डावीकडे माझा भाऊ राहतो. तो थोडा लहान आहे, कारण त्याच्या वाटणीची जागा हृदयाने अडवली आहे. वर रात्रंदिवस त्याची धडधड ऐकायची ती वेगळीच.

लोक म्हणतात, फुप्फुस श्वास घेतं. कुठलं काय! फुगायला लागणारे स्नायूच माझ्याकडे नाहीत. माझ्याखाली एक मांसल पडदा आहे, श्वासपटल म्हणतात त्याला. तो खाली सरकतो, फासळ्या वर उचलल्या जातात, छातीतली जागा वाढते आणि मी ताणला जातो. मग बाहेरची हवा नाकावाटे आत शिरते. पडदा सैल होऊन वर आला की मी आकसतो आणि हवा बाहेर. म्हणजे दुसऱ्याने ओढलं की फुगायचं, सोडलं की बसायचं, आणि हवेबरोबर जे येईल ते मुकाट्याने पदरात घ्यायचं. मला नको म्हणता येत नाही.

बालपण मात्र माझं सुखात गेलं. बदलापूरच्या पुढे, बारवीच्या डोंगराला लागून आमची वाडी. हरिचंद्र आणि त्याचा धाकटा भाऊ गोमा दिवसभर रानात हुंदडायचे. हरिचंद्रने या टेकडीवरून हाक मारली की ती त्या टेकडीवर ऐकू जायची. त्याची आई बनूबाई म्हणायची, "या पोराचा गला हाय का भोंगा!" कौतुक गळ्याचं व्हायचं बरं का. आता हाक म्हणजे माझ्यातून निघालेली हवाच की! गळा तिला नुसता आवाज देतो. पण मला कोण विचारतो? असो.

पुढे त्याचं जिजाशी लग्न झालं, जिवली झाली. वाडीत भागेना, म्हणून तो मोरिवलीत खोली घेऊन राहिला आणि अंबरनाथ एमआयडीसीत एका कारखान्यात लागला. तिथे गारगोटी दळून तिची पूड करत. मैद्याहून बारीक, पांढरीशुभ्र पूड.

तसा मी अगदीच बावळट नाही. माझ्या नळ्यांत सूक्ष्म केस आहेत. ते धूळ बेडक्यात गोळा करून वर ढकलतात आणि खोकला आला की ती बाहेर पडते. पण ही पूड केसांना चकवून थेट वायुकोशांत उतरली. वायुकोश म्हणजे माझ्या नळ्यांच्या टोकाचे इवलेसे फुगे. त्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. नेमकी तिथेच पूड रुतून बसली. तिच्याभोवती व्रण धरले, आणि मी जून भेंडीसारखा राठ होत गेलो.

शिफ्ट सुटली की सुपरवायझर हिंदुराव प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. "खाओ रे, गूळ खाल्ला की छाती साफ!" माणूस वाईट नव्हता. तो स्वतःही खायचा आणि स्वतःही खोकायचा. हरिचंद्र तर प्रसादासारखा खायचा. तोंडाला बांधायचं फडकं उकाड्यात खाली गळ्यात यायचं, पण फिकीर कसली? गूळ होता ना!

खोटं कशाला सांगू, मीही त्या गुळाची वाट बघायचो. पण घशात दोन वाटा आहेत. गिळताना माझ्या वाटेवर झाकण पडतं आणि घास अन्ननलिकेतून पोटात जातो. गूळ माझ्यापर्यंत येणार कसा? हे मी सांगणार कुणाला आणि कसं? मला एकच भाषा येते, खोकल्याची. मी जीव तोडून खोकलो. हिंदुराव म्हणाला, "खोकला वाढला काय रे? घे, अजून एक खडा घे."

शेवटी जिना चढताना हरिचंद्र मध्येच बसू लागला. काम सुटलं. हिंदुरावने दिलासा दिला, "तुझ्या जागेवर गोमाला लावतो. टेन्शन नको घेऊ." आणि वाडीवर निरोप गेलासुद्धा.

मग जिजाने हरिचंद्रला उल्हासनगरला डॉक्टर वासवानींकडे नेलं. त्यांनी माझा फोटो काढला आणि विचारलं,

"मास्क लावायचास?"

"फडकं बांधायचो, साहेब. आनि गूळ खायचो ना रोज."

"अरे बाबा, गूळ तर पोटात जातो! छातीत जायचा त्याला रस्ताच नाही. और ये पावडर फडक्यातून आरपार जाते."

परतताना रिक्षात हरिचंद्र एकच म्हणत होता, "गोमाला सांगाया पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर गोमाचा आवाज आला. मला दिसत नाही, पण छातीच्या भिंतीतून ऐकू येतं. तो जिजाला म्हणाला, "दादा झोपलाय तं झोपू दे, वयनी. शिफ्टला उशीर होल. आईनी बघ गूळ बांधून दिलाय."

हरिचंद्र धडपडून दारात आला. कोपऱ्यावर रिक्षा घुरघुरत होती. त्याने हाक मारायला तोंड उघडलं. मित्रांनो, माझं सगळं आयुष्य त्या एका हाकेसाठी पणाला लागलं होतं असं मला वाटलं. पडद्याने मला जीव खाऊन ओढलं. मी ताणलाच गेलो नाही. "गो..." एवढंच बाहेर पडलं. टेकड्या ओलांडणारी हाक उंबऱ्यातच विरली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तेवढ्यात शेजारी जिवली ओरडली, "काकाऽऽ!" काय दम होता पोरीच्या फुप्फुसांत! गोमा मागे आला.

"काय झाला, दादा?"

"नको जाव... गूळ... पोटात जातो... छातीत नाय..." दोन-दोन शब्दांना मी दम पुरवत होतो. "तुझा पन... असाच होल."

गोमा हळूच म्हणाला, "दादा, तू घरात बसलास. आई हाय, जिवली हाय, माझी दोन पोरा हायत. दुसरीकडं मना कोन घेतो, सांग."

हरिचंद्रला आणखी सांगायचं होतं, पण त्यासाठी हवा कुठून आणली असती मी?

"धर जिवले," गोमा म्हणाला, "हा गूळ तू खा. मना काय कामाचा नाय."

आणि तो गेला. रिक्षाचा धूर तेवढा माझ्यापर्यंत आला, आणि मी तो घेतला.

मित्रांनो, गोमाच्या छातीतही माझ्यासारखीच दोघं आहेत. आज ती गुलाबी, मऊ असतील, आणि येईल ते घेत असतील. मोठेपणी तुमच्यापैकी कुणी कारखाना काढेल, कुणी हिंदुरावच्या खुर्चीत बसेल. तेव्हा माणसांच्या हातावर गूळ ठेवून मोकळे होऊ नका. आधी त्यांच्या नाकापुढची धूळ आवरा. आम्हाला नको म्हणता येत नाही हो. तुम्हाला येतं.