वर एक पिंप खिळे

एल्मच्या झाडाचा ओला ओंडका जळत नाही. तो रडतो.

एमिल राडकेच्या उजव्या हाताची करंगळी मोडून बाहेरच्या बाजूला वळली होती. ती सतत कुणाला तरी वाट दाखवत असल्यासारखी दिसे.

तापलेल्या बिडावर तंबाखूची पिंक पडली की 'छस्स' असा आवाज होतो. टाकणाऱ्याला त्याची गंमत वाटते. बिडाला वाटत नाही.

बेसबॉलची बॅट मोडते ती बहुधा मुठीच्या जरा वर.

खिळ्यांचे भरलेले पिंप एकट्या माणसाला उचलता येते, पण फार लांब नेता येत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी बिडाची शेगडी आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगतात आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करतात, असे मी ऐकून आहे. मी करणार नाही.

वितळलेले बीड वाळूच्या साच्यात ओतले गेले आणि माझा जन्म झाला. मला गोल पोट दिले, पोटावर अभ्रकाची लहानशी खिडकी दिली, पाठीशी धुराडे दिले. घोडागाडीतून मला टॅमरॅक फॉल्स गावात आणले आणि ऑर्व्हिल टेटच्या लोखंडी सामानाच्या दुकानात मध्यभागी उभे केले. टेटने माझ्या पोटावरून हात फिरवला. "राणी आहे, राणी!" तो म्हणाला. माझ्या वाट्याला आलेली स्तुती एवढीच. त्यानंतर मी 'म्हातारी' झाले. उन्हाळ्यात माझ्या डोक्यावर बियाण्यांची पाकिटे आणि एक लठ्ठ मांजर असे.

पण हिवाळा माझा होता.

उन्हाळ्यात गावाचा संघ मैदानावर बेसबॉल खेळे. बर्फ पडला की तोच संघ माझ्याभोवती खेळला जाई. खेळाडूंशिवाय. टेट संघाचा अध्यक्ष होता. त्याच्या शेजारी क्लेम हॉब्स, गावाचा न्हावी, पांढरा डगला घालून बसे. आणखी चार-दोन जण खोक्यांवर टेकत. सगळे मिळून संघ मोडत आणि पुन्हा जोडत. कोणाला ठेवायचे, कोणाला काढायचे, कोणाच्या बदल्यात कोण आणायचा. ज्यांनी आयुष्यात एक चेंडू धड झेलला नव्हता, त्यांनी माझ्या उबेत बसून किती खेळाडू विकले याला गणती नाही.

त्यांचा एक नियम होता. ज्याला अदलाबदल सुचवायची असेल, त्याने आधी माझ्यात एक लाकूड घालायचे. लाकूड घातले की त्याची पाळी. ते पेटेपर्यंत मध्ये कोणी बोलायचे नाही. वर्षाची पहिली आग मात्र मागच्या मोसमात मोडलेल्या बॅटींनी लागे.

"हँक जेसपला खालचा चेंडू दिसतच नाही," क्लेम लाकूड ढकलत म्हणे. "डोळे डोक्यावर आहेत लेकाचे."

"आणि तुझा वस्तरा? तो कुठं बघून चालतो?"

"तुझ्या डोक्यावर बघण्यासारखं उरलंय काय, ऑर्व्हिल?"

हसणे झाले की पिंक. छस्स.

आता लाकडाचे. लाकूड एमिल राडके आणत असे. तो संघाचा कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा. उन्हाळाभर तो गावासाठी गुडघे झिजवी आणि हिवाळाभर गावासाठी लाकूड फोडी. दर शनिवारी तो मोळी घेऊन यायचा, माझा राखेचा कप्पा रिकामा करायचा, धुराड्यावर वाकड्या करंगळीने टकटक करून काजळी किती साचली ते बघायचा. या सगळ्या वेळात त्याच्या कानांवर सगळे पडे. हँकला काय दिसत नाही. लहानखुरा ऑटो पळताना कुणाला घाबरतो. कोण दारू पिऊन मैदानात उतरतो. एमिल काही बोलत नसे. माझ्या पोटातले प्रत्येक लाकूड त्याने आणलेले होते, आणि बोलण्यासाठी त्याने एकही घातले नव्हते.

एका शनिवारी क्लेमने एक जाड ओंडका घातला.

"शेजारच्या पाइन क्रॉसिंगचा पिचर, रॉस्को पाइल. काय चेंडू टाकतो! दिसत नाही, नुसता ऐकू येतो. तो आणा, ऑर्व्हिल, आणि बदल्यात एमिल देऊन टाका. छत्तीस वर्षांचा झालाय. बसतो तेव्हा त्याचे गुडघे मैदानापार दुसऱ्या बेसपर्यंत ऐकू येतात."

"नुसत्या एमिलवर कोण देईल पाइलला?" टेट म्हणाला.

"मग एमिल, आणि वर एक पिंप खिळे."

किती हसले सगळे, मित्रांनो! मी माझ्या अभ्रकाच्या खिडकीतून दाराकडे पाहत होते. फक्त मीच पाहत होते. एमिल मोळी घेऊन दारात उभा होता. त्याच्या टोपीवरचा बर्फ वितळला नव्हता.

त्याने मोळी खाली ठेवली, तिच्यातले एक लाकूड काढले, माझे दार उघडले आणि ते आत ठेवले. आता पाळी त्याची होती. नियमच होता; कोणी बोलू शकत नव्हते.

"खिळे कुठले?" त्याने विचारले. "दोन इंची की तीन इंची?"

"अरे एमिल, गंमत चाललीय रे," टेट नियम मोडून म्हणाला.

"गंमत होय," एमिल म्हणाला आणि गेला. त्या दिवशी माझी राख कोणी काढली नाही.

बर्फ वितळण्याआधी टेटने तो सौदा केला. आमच्या लीगमध्ये क्लब सांगेल तिकडे जायचे, नाहीतर घरी बसायचे. एमिल राहायचा टॅमरॅक फॉल्समध्येच, खेळायला मात्र पाइन क्रॉसिंगला जायचा. पिंपही गेले. तीन इंची.

उन्हाळ्यात मी मांजराखाली बसून होते, त्यामुळे पुढचे मला नोव्हेंबरमध्ये, पहिल्या आगीच्या वेळी कळले. त्या वर्षी बॅटी खूप मोडल्या होत्या.

"पिचर आणला तू," टेट क्लेमवर ओरडत होता, "आणि त्याचे चेंडू झेलू शकणारा एकुलता एक माणूस देऊन टाकलास! पाइलनं आपल्या दोन कॅचरांची बोटं मोडली!"

"सही कोणी केली? मी? मी न्हावी आहे, अध्यक्ष नाही!"

मग शेवटच्या सामन्याची गोष्ट निघाली. सामना पाइन क्रॉसिंगशी होता, आणि तिकडे बॅटवाल्याच्या मागे एमिल बसला होता. पहिला हँक जेसप आला. एमिल हळूच म्हणाला, "हँक, क्लेम म्हणतो तुला खालचा चेंडू दिसत नाही. डोळे डोक्यावर आहेत म्हणे तुझे." आणि त्याने पिचरला खाली, अगदी खाली चेंडू मागितला. मग ऑटो आला. "ऑटो, टेट म्हणतो तू सशाच्या काळजाचा." जो येईल त्याला एमिलने माझ्याभोवती हिवाळाभर झालेली बोलणी परत केली. एकही शब्द पदरचा घातला नाही. घालायची गरजच नव्हती. आमचे खेळाडू चेंडू सोडून प्रेक्षकांत टेट कुठे बसलाय ते शोधू लागले. हँक तर बॅट टाकून सरळ क्लेमसमोर जाऊन उभा राहिला. "आता बोल," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर बोल."

क्लेमला बोलता आले नाही. त्याच्याजवळ लाकूड नव्हते.

मी पोटातल्या पोटात इतकी हसले की धुराडे थरथरले.

त्या हिवाळ्यातही लाकडाचा पुरवठा एमिलकडेच होता. खेळाडू बदलताना लाकूडवाला बदलायचे कोणालाच सुचले नव्हते. एमिल पहिल्यासारखाच दर शनिवारी येई आणि मोळी उतरवी. एल्म, ओला, पाणी ठिबकणारा. मला तो आवडत नाही. तो पोटात फुसफुसतो, डांबर ओकतो. पण त्या वर्षी मी आनंदाने खाल्ला. माझ्या प्रत्येक सांध्यातून मी धूर सोडला. टेटचे डोळे सुजले. धुराड्याच्या जोडातून क्लेमच्या पांढऱ्या डगल्यावर काळे थेंब पडत, आणि मी ते मोजत नसे, चाखत असे. तंबाखूच्या प्रत्येक पिंकेचे उत्तर.

एकदा एमिलऐवजी त्याची बायको बर्टा लाकूड घेऊन आली.

"अहो बर्टाबाई," टेट खोकत म्हणाला, "हे लाकूड जळत नाही हो."

"वय झालंय त्याचं," बर्टा म्हणाली. "बदलून घ्या की."

"म्हणजे?"

"म्हणजे हे द्या, आणि वर एक पिंप खिळे. मिळेल कुठंतरी चांगलं."

त्यानंतर मंडळी कमी होत गेली. शेवटी टेटने एमिलला माझ्याजवळ गाठले. "ये ना परत. गावाचा माणूस तू. चुकलं आमचं." एमिलने माझ्यावर तळवे शेकले. त्याला परत यायचे होते. त्याचे हात माझ्यावर होते, मला ते कळत होते. मी दम धरून बसले. मी त्याला म्हणत होते, नको, नको, नको.

त्याने मोळीतला सर्वांत ओला ओंडका उचलून माझ्यात घातला आणि धूर टेटच्या तोंडावर जाईपर्यंत थांबला.

"माझी पाळी झाली," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी टेटने तेलावर चालणारी नवी शेगडी आणली. मला मागच्या अंगणात टाकले. माझे अभ्रक तडकले, पोटात कोळ्याने घर केले. पावसाने माझे जे केले, ते पिंकांनीही केले नव्हते. मग एका सकाळी एमिलची गाडी आली.

"म्हातारी नेऊ का?" त्याने विचारले.

"ने की, फुकट ने," टेट म्हणाला.

"फुकट नको. अदलाबदल करू." आणि एमिलने गाडीतून एक पिंप उतरवले, टेटच्या पायाशी ठेवले. झाकण कधी उघडलेच नव्हते. पाइन क्रॉसिंगच्या मॅनेजरने पहिल्याच दिवशी ते हसत त्याच्या हाती दिले होते: हे तुझ्याबरोबर आलंय, तूच ठेव. एमिलने ठेवले होते.

टेट त्या पिंपाकडे बघत राहिला. मला गाडीत चढवायला त्याने हात लावला नाही.

आता मी राडक्यांच्या स्वयंपाकघरात आहे. बर्टा मला काळे पॉलिश लावते. मित्रांनो, शिकवण हवीच असेल तर ही घ्या. शेगडीची राख रोज काढा. तिच्यावर थुंकू नका. आणि कोणाचे नाव आगीत टाकण्यापूर्वी एकदा दाराकडे बघा. तुम्हाला पटो न पटो, माझी बोलायची पाळी झाली.

क्लेमने एमिलचे नाव काढले त्या शनिवारी दारात आलेली मोळी तीन वर्षे वाळवलेल्या, सर्वांत जास्त ऊब देणाऱ्या हिकरीच्या लाकडाची होती, आणि ती एमिलने त्यांच्यासाठी राखून ठेवली होती.