आधी डावा अंगठा हलला

मी देवासच्या एका इस्पितळातला जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. आधी मी सायकल स्टँडवर टांगलेला होतो. कोण कुणाची सायकल नेतो, एवढंच बघायचं. पावसात भिजलो तरी कुणी विचारत नसे.

मग डॉक्टर कमलबाई आल्या. आकडी, म्हणजे आमच्याकडची मिरगी, येणाऱ्या मुलांची शस्त्रक्रिया इथेच व्हावी, हा त्यांचा ध्यास. त्यापायी त्यांनी वरच्या साहेबांच्या नाकी नऊ आणले. मेंदूचे सर्जन आणले, नर्सना शिकवलं, अडगळीची खोली झाडून घेतली. नवा कॅमेरा मिळेना, म्हणून मला तिथे बसवलं. मुलांच्या डोक्याला लावलेल्या तारांनी मेंदू टिपायचा आणि मी आकडी. माझा भाव एकदम वधारला, खोटं कशाला बोलू?

पहिली आली धरमपुरीची चिऊ. सगळी औषधं करून थकलेली. आकडी कुठून सुरू होते ते दिसलं, तर मेंदूतली जागा सापडेल. नाहीतर शस्त्रक्रिया नाही, असं कमलबाईंनी तिच्या आईला, सीताबाईंना समजावलं होतं.

पण आकडी आली की सीताबाई धावत जाऊन लेकीला पदराखाली घ्यायच्या. त्यांच्या घरची रीतच तशी, आकडी आलेली पोर कुणाच्या नजरेस पडू द्यायची नाही. मला दिसायचं काय, तर हिरवं लुगडं. दरवेळी तेच. मी आतल्या आत चरफडायचो.

"ताई, जरा बाजूला व्हा ना," मशीन सांभाळणारा धीरज म्हणायचा.

"धीरज भिया, पोरीला अशी उघडी कशी टाकू? लोग क्या कहेंगे?"

शेवटी कमलबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. "सीताबाई, पदर कुठवर पुरेल? शाळेत पुरेल? सासरी पुरेल? इथे आम्ही तिला बरं करायला बघतोय. एकदा बघू द्या."

पुढची आकडी आली. सीताबाई उठल्या, पदर हातात घेतला आणि तो स्वतःच्याच तोंडात कोंबून उभ्या राहिल्या. डोळ्यांतून धारा. नर्सने चिऊला कुशीवर वळवलं. मला सगळं दिसलं. आधी डावा अंगठा हलला, मग हात, मग चेहरा. त्या बाईचं काळीज केवढं, मित्रांनो. मला आजही तिचं कौतुक वाटतं.

तारांनीही तीच जागा दाखवली. शस्त्रक्रिया झाली. चिऊची आकडी थांबली. आता टोंकखुर्द, सोनकच्छहून मुलं येतात, नवे कॅमेरेही आलेत. मी कोपऱ्यात धूळ खात असतो.

तुमच्या वर्गात कुणाला आकडी आली, तर चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. त्याला कुशीवर वळवा, मोठ्यांना बोलवा. आणि त्याला लपवू नका.

परवा चिऊ तपासणीला आली होती. सीताबाई स्टुलावर चढल्या आणि त्याच हिरव्या पदराने त्यांनी माझी काच पुसली.

"बघ रे बाबा, आता नीट बघ," म्हणाल्या.

काच लख्ख झाली. समोर चिऊ उभी होती, डाव्या हाताने पेरू खात.