चंप्यासाठी पेंढा

पहाटे पंढरीनाथच्या आधी त्याचा गुडघा जागा व्हायचा. दारात चंप्या उभाच. निळे डोळे, अंगावर गोधडीएवढे केस, बर्फात पळायला देवानं घडवलेला हस्की कुत्रा, आणि राहायला गोडदेवात तिसऱ्या मजल्यावर.

ही करणी रोशनची, पंढरीनाथच्या पोराची. हा रात्रंदिवस मोबाइलवर अलास्कातल्या शर्यती बघायचा. हजार मैल बर्फ, कुत्र्यांनी ओढायची गाडी, जिंकणारा आठ-नऊ दिवसांत पोचतो. कोणी कोणाचा रेकॉर्ड मोडला, सगळं तोंडपाठ. त्याच नादात पिल्लू आणलं, नाव ठेवलं चॅम्पियन, आणि स्वतः बोटीवर नोकरीला गेला. चॅम्पियनचा चंप्या झाला, पट्टा बापाच्या हातात आला.

चंप्या भुंकायचा नाही, रडायचा. मान वर करून असा सूर लावायचा की विंगेत कोणी गेलंय असं वाटावं. शेवटी सोसायटीची सेक्रेटरी नीलम दारात आली. "काका, लोकांना समजावून मी पण थकले. रविवारच्या मीटिंगपर्यंत हा गप्प झाला नाही तर ठराव होणार. कुत्रा जाणार."

पंढरीनाथला एकच सुचलं. दमलेला कुत्रा रडणार नाही. मग काय, सकाळी राई गावच्या खाडीपर्यंत, संध्याकाळी परत तेवढंच, रोज थोडं आणखी पुढे. चंप्या ओढतोय, हा मागून फरफटतोय. घरी आला की हा सोफ्यावर आडवा, आणि चंप्या पाणी पिऊन पुन्हा दारात. दुपारी रडणं आधीपेक्षा मोठं.

"तुम्ही त्याला दमवताय की तो तुम्हाला?" बायको मनोरमा म्हणाली.

शनिवारी बोटीवरून रोशनचा फोन आला. ते चॅम्पियन लोक कुत्र्यांना दमवतात तरी कसे, पंढरीनाथनं विचारलं.

"बाबा, तुम्ही दमवत नाही आहात, शर्यतीची तयारी करून घेताय. रोज लांब नेलं की तो उद्या आणखी लांब जाणार. ते लोक नुसतं पळवून नाही जिंकत, निजवून जिंकतात."

मग त्यानं सांगितलं. मुक्कामाला पोचलं की कितीही मोठा चॅम्पियन असो, स्वतः चहा प्यायच्या आधी कुत्र्यांसाठी पेंढा पसरतो. पेंढा दिसला की कुत्र्याला कळतं, काम संपलं, आणि तो मुटकुळं करून झोपतो.

"हे आधी सांगायचंस की रे."

"तुम्ही विचारलंत कधी?"

रविवारी पंढरीनाथ राईला ओळखीच्या गोदूबाईकडे गेला. तिची भाताची एक पट्टी अजून बिल्डिंगखाली गेली नव्हती. पेंढ्याचा भारा बांधता बांधता तिनं विचारलं, "म्हस घेतली काय वो?" कुत्र्यासाठी नेतोय, असं त्यानं सांगितलं. ती बघतच राहिली.

रिक्षातून भारा आणला, जिना चढवला, बाल्कनीत पसरला. चंप्यानं हुंगला, शिंकला आणि पंढरीनाथकडे बघत उभा राहिला. फ्लॅटमध्ये वाढलेलं जनावर, त्याला पेंढा काय माहीत? आता रडणार, सूर लागणार.

पंढरीनाथमध्ये जीवच उरला नव्हता. पट्टा घ्यायला वाकला तो तसाच पेंढ्यावर बसला, बसला तो आडवा झाला. चंप्या त्याच्याभोवती फिरला, मग पाठीला पाठ लावून मुटकुळं करून निजला.

संध्याकाळी नीलम मीटिंगला बोलवायला आली. मनोरमानं तोंडावर बोट ठेवून बाल्कनी दाखवली. केसांत काड्या अडकलेला म्हातारा आणि शेपटीत नाक खुपसलेला कुत्रा. दोघं एका लयीत घोरत होते.

"ठरावाचं काय गं?" मनोरमानं हळूच विचारलं.

"आवाजच नाही तर ठराव कशाचा, काकी. असंच राहू दे." जाता जाता नीलम वळली. "जिन्यात पेंढा सांडलाय, तेवढा झाडून घ्या."

मनोरमानं गुडघ्यावर हात ठेवत झाडू उचलला.