पट्टी कुणाच्या पायाला

लंडनच्या स्ट्रँड रस्त्यामागच्या गल्लीत डॉर्कस ट्विसेलचं व्यंगचित्रांचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून ती एकटीच ते चालवायची. एखाद्या उमरावाची टर उडवणारं चित्र काचेत लागलं की बाहेर हसणाऱ्यांची गर्दी जमायची, आणि संध्याकाळपर्यंत त्या उमरावाचा नोकर दात-ओठ खात दारात हजर व्हायचा.

म्हणूनच लाँगली नावाचा गोडबोल्या गृहस्थ फुकटात एक चित्र देऊन गेला, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. चित्रात पोट सुटलेले लॉर्ड सेल्वर्थ होते, केसांचा टोप तिरका झालेला. शेजारी त्यांचा नावाजलेला घोडा पिलग्रिम, मान खाली घातलेला, पुढच्या पायाला भलीमोठी पट्टी. न्यूमार्केटची शर्यत तोंडावर आली होती आणि अर्ध्या लंडनने पिलग्रिमवर पैज लावली होती. चित्र कुणी काढलं, हे लाँगलीने सांगितलं नाही. शर्यतीआधी ते काचेत लागलं पाहिजे, एवढंच बजावलं.

छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरणारा म्हातारा जेबेझ खूश होता. लॉर्डसाहेबांचं नाक हुबेहूब उतरलंय म्हणाला. डॉर्कसची नजर पट्टीवरून हलेना.

"घोडा लंगडतो हे तबेल्याबाहेर कुणाला कळणार? आणि तबेल्यातली बातमी फुकट कोण वाटतं?"

"असेल कुणीतरी वैरी."

"किंवा घरचाच." घोडा लंगडा अशी आवई उठली की लोक त्याच्यावरचा पैसा काढून घेणार. मग ज्याला खरं माहीत आहे, त्याला पिलग्रिमवर चढा भाव मिळणार, म्हणजे जिंकल्यावर कितीतरी पट पैसे. हे तिने जेबेझला समजावलं आणि म्हणाली, "पट्टी घोड्याची काढा. लॉर्डसाहेबांच्या पायाला बांधा."

"बाई, त्यांचा पाय कुठे सुजलाय?"

"सुजेल. खाणंपिणं तसंच आहे."

चित्र काचेत लागलं. दुपारी लाँगली आला. लॉर्डसाहेब नाराज आहेत म्हणाला.

"टिंगल केली म्हणून?"

"टिंगल हवी तेवढी करा हो. पण पट्टी घोड्याला होती." बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"म्हणजे मूळ चित्र त्यांनी पाहिलंय तर," डॉर्कस शांतपणे म्हणाली. मूळ चित्र लावायला तो पैसे देऊ लागला. तिने दार दाखवलं.

दोनच दिवसांत समोरच्या मॉटच्या दुकानात लंगडा पिलग्रिम झळकला. डॉर्कस काचेआडून बघत राहिली. दोनदा उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत फिरली. लोकांनी पिलग्रिमवरचा पैसा काढून घेतला, आणि शर्यतीत तो आरामात पहिला आला. पैसे बुडालेल्यांनी मॉटच्या काचेचा चुराडा केला.

दुसऱ्या दिवशी मॉट तिच्याकडे येऊन बसला. हाताला चिंधी गुंडाळलेली, चेहरा उतरलेला. चित्र तुमच्याकडेही आलं होतं का, असं त्याने विचारलं. डॉर्कसने सगळं सांगितलं.

"मग मला आधी बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही म्हणाला असता, ही बया माझं गिऱ्हाईक तोडायला बघतेय."

मॉटने हातावरची चिंधी नीट केली. "म्हणालो असतो," असं म्हणून तो उठला, आणि जाता जाता त्याने विचारलं की काचवाला ओळखीचा आहे का.